काकवीचा डाग

स्वरूपाने भविष्य सांगायच्या टॅरोच्या जुन्या पानांचा गठ्ठा सतरंजीवर पालथा पसरला, एका पानावर बोट ठेवलं आणि न उलटताच म्हणाली, "रथ."

उलटलं. रथच होता.

"हा मनोरा." मनोराच निघाला. "आणि हा सूर्य. याच्यावर मी दहावीत चहा सांडला होता."

साडीला फॉल लावत बसलेली तिची आई, ज्योत्स्ना, मनापासून हसली. "बघ, तुलाही जमायला लागलं! मी काय उगीच म्हणते? वापरलेली पानं बोलतात."

"आई, बोलत नाहीयेत. पाठीवरून ओळखू येतायत." स्वरूपाने रथाचं पान पुन्हा पालथं करून आईच्या डोळ्यांपुढे धरलं. निळ्या पाठीवर रुपयाएवढा तपकिरी डाग होता आणि डागावरची चकाकी सोलून गेली होती. "ही सांगवीच्या गोजरमावशींची काकवी. गेल्या वर्षी बाटली घेऊन आल्या तेव्हा सांडलेली. त्याच ना त्या, ज्यांच्या हाताला चार वेळा रथ आला?"

सुई ज्योत्स्नाच्या बोटात गेली.

खरं म्हणजे हे तिला कधीच कळायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बारामतीतल्या त्या लहानशा खोलीत पुढे शिलाई मशीन, मध्ये पडदा आणि पडद्यामागे दर मंगळवारी-शनिवारी टॅरोची पानं, असा तिचा नऊ वर्षांचा शिरस्ता होता. फॉल-पिकोला आलेल्या बायका एक पान काढूनच उठायच्या. नऊ वर्षांत पानांच्या कडा मऊ पडल्या होत्या, वेड्याच्या पानाला चिकटपट्टी लागली होती, मृत्यूच्या पानाचा कोपरा उंदराने नेला होता. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नव्हतं, ज्योत्स्नाला तर अभिमानच होता. आणि सगळ्यांत मोठा अभिमान त्या रथाचा. अठ्ठ्याहत्तर पानांतून एकाच बाईच्या हाताला चार वेळा रथ! ही गोष्ट तिने सांगितली नाही असं गल्लीत एक घर उरलं नव्हतं. दूधवाल्यालासुद्धा दोनदा सांगून झालं होतं.

विषय होता गोजरबाईंच्या सुनेचा. राजलक्ष्मी उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे लावून तो साखर कारखान्याच्या वळणावर असा वळवायची की रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून बघत. तिला एसटीची बस चालवायची होती. सासरे सावळाराम म्हणाले, नाही. पण सावळाराम पानांना मानणारे. फॉर्म भरायचा का? गोजरबाईंनी पान काढलं, रथ आला, फॉर्म भरला. लेखी परीक्षा? रथ. गाडी चालवून दाखवायची चाचणी? रथ. डॉक्टरी तपासणी? पुन्हा रथ. आता निवडीचं पत्र आलं होतं. सोमवारी सकाळी दूरच्या जिल्ह्यात प्रशिक्षणाला हजर व्हायचं होतं, तेही वर्षभरासाठी, आणि आज शनिवार होता.

आणि इथेच घोडं अडलं होतं. सावळारामांनी मधेच भावकीच्या बैठकीत, मांडीवर थाप मारून, सांगून टाकलं होतं की माझ्या घरची सून बसचं स्टेअरिंग धरणार न्हाय. राजलक्ष्मीचा नवरा समाधान 'आबा म्हणतील तसं' म्हणून मोकळा झाला होता. गोजरबाईंनी दोन दिवस अन्नाला शिवायचं नाकारलं, तेव्हा म्हाताऱ्याने एवढंच कबूल केलं: पाचवं पान मी काढीन, माझ्या हातानं. रथ आला तर जाईल. न्हाय आला तर विषय संपला.

चार वाजता ते येणार होते. ज्योत्स्ना सकाळपासून घड्याळ बघत होती. आणि आता हे!

"मला उल्लू बनवलं मावशींनी," ती म्हणाली. "चार वेळा! आणि मी बावळट जगभर डंका पिटत फिरले."

"मग आज खरं खरं होऊ दे." स्वरूपाने कपाटातून डबी काढली. पहिल्या पगारातून आईसाठी आणलेली नवी पानं. सोनेरी कडा, गुळगुळीत पाठी, एकावर ओरखडा नाही. ज्योत्स्नाने ती पिसायला घेतली आणि ती हातातून निसटून खोलीभर उडाली. दोघी मायलेकी मशीनखाली वाकून पानं गोळा करत होत्या, तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

गल्ली एवढी अरुंद की रिक्षावालेसुद्धा कुरकुरत. राजलक्ष्मीने पिकअप एका दमात मागे घेऊन भिंतीला लावली. शेजारी बसलेले सावळाराम "हळू, हळू, आगं हळू" म्हणत होते आणि गाडी थांबल्यावरही एकदा म्हणाले. गोजरबाई मागच्या हौद्यातून उतरल्या.

राजलक्ष्मी किल्ली मुठीत धरून आत आली. ज्योत्स्नाच्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, बॅग भरून ठेवलीय. आबांना म्हाईत न्हाय. काल रात्री तीनदा उघडली न् तीनदा बंद केली." तिचा श्वास असा चालला होता जणू सांगवीहून धावतच आली होती.

तिच्याकडे बघून ज्योत्स्नाला तिची दया आली. पण राग राग होता. "मावशी, जरा आत या. पाणी देते," ती म्हणाली.

पडद्याआड नवी पानं ठेवलेली दिसताच गोजरबाई थबकल्या. "ही कुणाची? आपली कुठं हाईत?"

"का? आपल्यात काय विशेष आहे?"

गोजरबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या टोचलेल्या बोटाकडे. मग पदर खोचला.

"कळलं व्हय? बरं झालं. व्हय, डाग बघूनच काढती मी. मग?"

"मग? माझ्या पानांची इभ्रत घालवलीत तुम्ही मावशी! मी लोकांना काय काय सांगितलं!"

"तुमी लोकांना सांगितलं, त्यात माझा काय दोष?" गोजरबाईंचा आवाज दबका होता, पण धार होती. "ताई, बत्तीस वर्सं मी त्या घरात बोलतीया. माझं बोलणं कुणी ऐकलं का? पान बोललं की लगीच ऐकत्यात. मग मी पानाच्या तोंडानं बोलली. पोरीच्या हातात गुण हाय, तो घरात कुजवायचा का?"

ज्योत्स्ना जास्तच चिडली. "आज तर आबा काढणार आहेत. आज काय करणार होतात?"

"मी शेजारी बसणार हुती. डागाचं पान जरा पुढं सारलं असतं. पुढ्यात असंल त्यावरच हात जातो माणसाचा." गोजरबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "ह्या कोऱ्या पानांत मी ते वळखू कसं? जुनी काढा, ताई. पाया पडती तुमच्या."

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "आज माझ्या घरात लबाडी नाही. पोरीच्या नशिबात असेल तर नव्यातही निघेल." बोलून झाल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. अठ्ठ्याहत्तरांत एक. हिशेब काय तिला कळत नव्हता?

एवढी माणसं पडद्यामागे मावणार नव्हती, म्हणून बाहेर येऊन तिने नवी पानं पाटावर पसरली. सावळारामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, एका पानाच्या सोनेरी कडेवरून बोट फिरवलं आणि बोट धोतराला पुसलं.

"ही कुणाची पानं?"

"नवीन आहेत, आबा. स्वरूपाने आणलीत."

"आमची कुठं हाईत?"

"ती फार झिजलीत हो. डाग पडलेत, फाटलीत. म्हटलं, एवढ्या मोठ्या प्रश्नाला..."

"झिजली म्हंजी कामाची हाईत," सावळाराम म्हणाले. "खुरपं झिजलं की मग कुठं हातात बसतं. ह्या कोऱ्या पानांना आमच्या घरचं काय म्हाईत? चार येळा ज्यांनी सांगितलं, त्यांनाच पाचव्यांदा इचारायचं. आना ती."

गोजरबाईंचा चेहरा असा उजळला की ज्योत्स्नाने मान दुसरीकडे वळवली. गिऱ्हाइकाने मागितलं, आता नाही कसं म्हणायचं? तिने जुना गठ्ठा आणला. चिडून चिडून इतका पिसला की स्वरूपा म्हणाली, "आई, पुरे." मग पालथी पानं पाटभर पसरली. डागाचं पान दुसऱ्या ओळीत, डाव्या टोकाला गेलं. ज्योत्स्नाने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं.

गोजरबाई हळूच नवऱ्याजवळ सरकल्या.

"तू लांब बस," सावळाराम म्हणाले. "तिकडं, मशीनपाशी. तुझ्या हाताला रथाची सवय लागलीया."

झालं! गोजरबाई उठल्या, मशीनपाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते. राजलक्ष्मीने किल्ली एवढी आवळली होती की तळहातावर दाते उमटले असतील. ज्योत्स्नाचा राग कुठे गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. येऊ दे रे बाबा, येऊ दे, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. लबाडीने येऊ दे, नाहीतर चुकून येऊ दे.

सावळारामांनी खिशातून चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. मागच्या चारही वेळा ते भिंतीला टेकून, डोळे अर्धवट मिटून बसले होते. आज चष्मा नाकावर चढवून ते पानांवर वाकले आणि त्यांचा हात पहिल्या ओळीवरून सावकाश फिरला. उंदराने खाल्लेल्या पानापाशी थांबला. स्वरूपाने आईचा दंड धरला. मृत्यू होता तो.

हात पुढे सरकला. दुसरी ओळ. डागाच्या पानावरून तो सरळ पुढे निघून गेला. तिसरी ओळ. चौथी. चिकटपट्टीचं पान. मग म्हाताऱ्याने खाकरून घसा साफ केला, हात उचलला, पुन्हा दुसऱ्या ओळीवर आणला, डाव्या टोकाला गेला आणि एक पान उचलून उलटं केलं.

रथ.

"आबा!" राजलक्ष्मी ओरडली. स्वरूपा टाळ्या पिटत उठली. गोजरबाईंनी डोळे उघडले, पान पाहिलं आणि "आगं बाई, आगं बाई गं" म्हणत मशीनलाच मिठी मारली. राजलक्ष्मीने सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि ती हसत होती की रडत होती ते सांगणं कठीण होतं.

"आता माझ्या हातात काय राह्यलं?" सावळाराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "भावकीत कुणी इचारलं तर सांगंन, माझ्याच हातानं निघालं बाबांनो. पान म्हणतंय जा, तर जा." मग त्यांनी पान चष्म्याजवळ नेऊन नीट पाहिलं. "ह्या गाड्याला कासराच न्हाय. तरी नीट हुबा हाय गडी. तू मात्र दोन्ही हातांनी धर, काय?"

"धरीन, आबा."

"आन् बॅग भरली असशील ती सगळी एकदा सासूला दावून घे. काय ऱ्हायलं तर तिकडं कोन द्यायला बसलंय."

राजलक्ष्मी चपापली आणि मग इतकी मोठ्याने हसली की शेजारची बाई दारात डोकावली. तिलाही लगेच सगळं सांगण्यात आलं. पाचव्यांदा रथ! ज्योत्स्नाने स्वतःच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज चढला. गोजरबाई तिला बाजूला ओढून कुजबुजल्या, "ताई, ह्यांना त्या डागाचं काय ठावं न्हाय हो. ही देवाचीच करणी! खरोखर निघालं ह्या टायमाला!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मघाशी चिडलेल्या ज्योत्स्नालाही त्या क्षणी ते शंभर टक्के पटलं.

सासू-सुना गाडीकडे गेल्या. गोजरबाई या वेळी पुढे बसल्या. सावळाराम दारात चपला घालत रेंगाळले. ज्योत्स्ना जुनी पानं गोळा करत होती. ते वळले आणि हळू आवाजात म्हणाले,

"ताई, ती जुनी टाकू नका हां. नव्यात मानसानं शोधायचं कसं?"

ज्योत्स्नाची नजर हातातल्या डागाच्या पानावर गेली.

"आन् आमच्या मंडळीला काय बोलू नका," टोपी नीट करत ते म्हणाले. "वरीसभर तिला वाटतंय, डाग तिला एकटीलाच दिसतोय."