चिंधूभाऊंच्या गाडीतला आवाज

"अजून वाढव," चिंधूभाऊ गाडीतूनच म्हणाले.

अरुणकुमार बाहेर कानांवर हात ठेवून उभा होता. पॉवर हाऊस भागातल्या बाजारात गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवायचं त्याचं दुकान. समोरचा पानवाला गिऱ्हाइकांशी खुणेने बोलू लागला होता.

"काकाजी, इससे ज्यादा नहीं होगा! काच फुटन गाडीची!"

"आं?"

"बस्स झालं म्हन्तो!"

"दबून राहिला आवाज. खुलला नाही अजून," असा निकाल देऊन चिंधूभाऊ गाडी घेऊन घरी आले.

चिंधूभाऊ कापगते मरोदा सेक्टरमधले आमचे शेजारी. भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले आणि तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: क्रेनखाली उभं राहून वरच्या ड्रायव्हरला हाताने इशारे करायचे. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, तळवा खाली दाबला की हळूहळू उतरव, मूठ आवळली की थांब. इशारा कळला म्हणून ड्रायव्हर एकदा घंटा वाजवतो, मगच माल उठतो. कानात घालायला बोळे मिळत, पण चिंधूभाऊ ते खिशात ठेवीत. बोळे घातले तर घंटा कशी ऐकू येणार, हा त्यांचा सवाल. कामाची सवय इतकी अंगात मुरली होती की जेवतानाही ते मूठ आवळून वरण थांबवत. कौशल्यावहिनींनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

शेवटी व्हायचं तेच झालं, कान गेले. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बहुतेक स्वतःलासुद्धा नाही.

एक्याण्णव साली त्यांनी एका साहेबांची जुनी फियाट घेतली. तिच्यात कंपनीचाच रेडिओ होता, डॅशबोर्डात एक स्पीकर. आमच्या मते खणखणीत होता. दिवाळीला गोंदियाहून मुलीने, साधनाने, कॅसेट पाठवली. चार वर्षांची नात वसू त्यात आजोबांशी बोलली होती. घरात टेप नव्हता म्हणून गाडीत बसवला. पोरीचं बोलणं कळेना, म्हणून दारांत दोन स्पीकर आले. तरी कळेना, तेव्हा मागच्या काचेखाली दोन मोठे आले. मग सीटखाली ॲम्प्लिफायर आला. त्याने बॅटरी अशी खाल्ली की रोज सकाळी आम्ही चौघं गाडीला धक्का मारू लागलो. शेवटी इक्वलायझर आला, लाल-हिरव्या दिव्यांचा. तो मात्र चिंधूभाऊंना फार आवडला. वसू बोलली की दिवे नाचायचे, आणि दिवे त्यांना दिसत होते.

एव्हाना ती कॅसेट अख्ख्या सडकेला पाठ झाली होती. गिरणीवर दळणाच्या रांगेत बायका वसूच्या सुरात म्हणत, "आबाजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माहा वाढदिवस हाय. गाडी घेऊन येजा. मले उचलून घेजा. नाई तं मी तुमच्याशी बोलतच नाई!"

माहीत नव्हतं ते फक्त आबाजींना.

कौशल्यावहिनींनी त्यांना चारदा विचारलं, "मंग जाता का गोंद्याले?" दर वेळी एकच उत्तर, "मस्त बोलते पोरगी!" वहिनी चिडल्या. आठ दिवस त्यांनी अबोला धरला. चिंधूभाऊंना तो कळलासुद्धा नाही.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी चिंधूभाऊ दारासमोर गाडीत बसून कॅसेट ऐकत होते, म्हणजे आम्ही सगळे ऐकत होतो. समोरच्या सिंधुताई तिळगूळ घेऊन खिडकीशी आल्या.

"भाऊजी, उद्या वाढदिवस ना नातीचा? कधी निघता?"

"हो, हो, नवेच बसवले! मांगं दोन हायेत," चिंधूभाऊ खुशीत म्हणाले.

सिंधुताईंनी ओट्यावरच्या कौशल्यावहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मग त्या उठल्या, गाडीत येऊन बसल्या आणि त्यांनी टेप बंद केला. चिंधूभाऊंची मान आणखी थोडा वेळ डोलत राहिली. दिवे विझलेले दिसले तेव्हा ती थांबली.

"बंद कावून केलं?"

ओठ दिसतील असा वहिनींनी त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला. "का म्हन्ते वसू? सांगा मले."

"मस्त बोलते."

"का बोलते पन?"

चिंधूभाऊंनी विझलेल्या दिव्यांवर बोट टेकवलं. आम्हाला ओट्यावर उभं राहवेना, आणि आत जाववतही नव्हतं.

"मले नाही आयकू येऊन राहिलं, कौशल्या," ते म्हणाले. "वाटलं, मशीन मोठी घेतली का येईन. लाईट हालते, तेवढी दिसते."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरडून सांगितलं असतं तर कदाचित त्यांना कळलंही असतं, पण नवऱ्याचं बहिरेपण सडकेला ऐकवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी लहान पोराची उंची दाखवतात तसा तळवा धरला: वसू. हवेत स्टिअरिंग फिरवलं: गाडी. हाताने बोलावलं: या. मग थोडं थांबून एक बोट वर केलं आणि गोल गोल फिरवलं.

चिंधूभाऊ त्या बोटाकडे बघतच राहिले. तीस वर्षं हा इशारा त्यांनी दुसऱ्याला केला होता. त्यांना कुणी कधी केला नव्हता.

"मले... उचल म्हन्ते?"

वहिनींनी मान हलवली.

चिंधूभाऊंनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, ताठ बसले आणि एकदाच हॉर्न दाबला.

त्यांना तो ऐकू आला नाही. आम्ही मात्र ती घंटा ओळखली आणि धक्का मारायला धावलो.