खुंटीवरून पाहिलेला पेरू

मी फेसमास्क बोलतोय. कपाळाला एक उशी, हनुवटीला एक वाटी आणि मधे तारेचा दांडा, एवढाच माझा पसारा. अकोल्याला जठारपेठेतल्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला आठ वर्षांच्या अलीझाच्या चेहऱ्यावर बसवलं. तिचा वरचा जबडा वाढीत मागे राहिला होता. खालचे दात पुढे यायचे, पेरूसुद्धा समोरच्या दातांनी तुटायचा नाही. "वाढीच्या वयातच हे जमतं. घरी असेल तेवढा वेळ घालायचा," बाईंनी बजावलं.

तिच्या तोंडात आधीच एक प्लेट चिकटवलेली होती. दोन रबरांनी तिला धरून मी जबडा पुढे ओढायचो. राबायचो मी आणि मिरवायची ती. प्लेट अलीझाबरोबर शाळेत जायची, खिचडी चाखायची. आई नगमा प्लेटच्या स्क्रूला हौसेनं किल्ली द्यायची. मी मात्र दर्यापूरच्या घरात खुंटीवर. नुसता जळफळाट व्हायचा.

अलीझाचे अब्बा, शफीक, गाद्या भरायचे. कपाशी बुडाल्याची वर्षं होती. नवी गादी कोणी सांगत नव्हतं, जुनाच कापूस पिंजून द्यायचा. एकदा पाहुणे येणार म्हणून दादीनं, आयशाबीनं, मला खुंटीवरून उतरवलं. "लोक काय म्हणतीन, पोरीले लगाम लावला?" म्हणत पिंजलेल्या कापसात खुपसलं आणि विसरली. शफीकनी तो कापूस खोळीत भरून शिवून टाकला. आत मी.

गादी शेजारच्या खुशालरावांकडे गेली. जबडा पुन्हा मागे जाईल ही भीती होतीच. पण माझ्यावाचून त्या प्लेटचं आणि अलीझाचं छान चाललं असेल, हे जास्त सलत होतं.

आठवड्यानं खुशालराव गादी घेऊन आले. "शफीकभाई, पाठीत काय टोचून राहिलं, पाहा बरं."

शिवण उसवली. अलीझा धावत आली, कापूस झटकून मला स्वतःच चेहऱ्यावर चढवलं. "दादी, आता याले लपवू नका. मी रोज धुंडून राहिली होती." मी त्या दिवशी रबर जरा ऐटीतच ताणले.

पुढे महिने गेले, वरचे दात पुढे आले. काल अलीझानं समोरच्या दातांनी पेरू तोडला. खाताना मला काढतात, म्हणून मी ते खुंटीवरून पाहिलं. प्लेटला रसही मिळाला.

आता माझं काम संपलं. अलीझाच्या कपाळावर माझा वळ आहे, नगमा त्यावर खोबरेल चोळते. मला त्या तेलाचाही हेवा वाटतो. नगमाबाई, हात जरा आवरा. तेवढा वळ तरी राहू द्या.