डाव्या कोपऱ्यातले शब्द

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. नालासोपाऱ्यातल्या एका मराठी शाळेच्या नव्या इमारतीत, जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या मागे मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे. माझ्या अंगावर मधोमध तडा आहे. तो वाळवीने पाडलेला नाही की वयानेही नाही, म्हणून त्याची हकिकत सांगतो.

१९९३ साली मला सॅन्टन सुताराने घडवलं. सागाच्या फळ्या जोडून त्याने माझ्या पाठीला तीन आडव्या पट्ट्या ठोकल्या.

"फळा करतोस की दरवाजा?" मुख्याध्यापकांनी हसत विचारलं.

"पोरं दोन्हीला लोंबकळतात, सर," सॅन्टन म्हणाला.

काळा रंग वाळला आणि मी आठवीच्या वर्गात चढलो. तेव्हा शाळा बैठी होती. रोझमेरी टीचर नंदाखालहून येऊन इंग्रजी शिकवत. माझा डावा कोपरा त्यांनी निर्णयांच्या विशेषणांसाठी राखून ठेवला होता. वाइज म्हणजे शहाणपणाचा, प्रूडंट म्हणजे पुढचा विचार करून सावधपणे घेतलेला; तसेच सेन्सिबल, ज्युडिशियस. पण नुसता अर्थ पाठ करून शब्द तिथे जात नसे. कुणीतरी खरोखर घेतलेला निर्णय सांगायचा, त्याला शब्द लावायचा आणि वर्गाच्या उलटतपासणीत तो टिकला, तरच टीचर खडू देत.

एका वर्षी उन्नती नावाच्या मुलीने सांगितलं, "इथे खोली घ्यायच्या आधी माझे बाबा मुद्दाम मे महिन्यात आले आणि विहिरीला पाणी आहे का ते बघून गेले. प्रूडंट." तिला खडू मिळाला.

मग जितेश उठला. "माझ्या मामाने लॉटरीचं तिकीट काढलं. मिक्सर लागला. वाइज डिसिजन!"

वर्ग खिदळला. टीचर हसल्या नाहीत. "लागला नसता तर?"

"मग येडेपणा."

"निर्णय तोच आहे, जितेश. मग शब्द कसा बदलला?"

जितेश डोकं खाजवत खाली बसला.

तो २००५ चा जुलै होता. पुढच्याच आठवड्यात सकाळपासून पाऊस कोसळू लागला. शाळा लवकर सुटली. जवळची मुलं घरी गेली, पण ओढ्यावरच्या मोरीपलीकडे राहणाऱ्या मुलांना टीचरनी थांबवून घेतलं. दुपारी पाणी वर्गाच्या उंबऱ्याला लागलं. तेवढ्यात उन्नतीचे वडील प्रल्हाद धापा टाकत दारात आले. वालीवच्या कारखान्यातून मोरी ओलांडून ते थेट शाळेत पोचले होते.

"उन्नती, दप्तर घे. चल."

"मी तिला सोडणार नाही," टीचर म्हणाल्या.

"बाई, माझी पोरगी आहे ती! घरी हिची आई विनया आणि धाकटा दोघंच आहेत. खोली तळमजल्याची आहे आमची."

"मोरीवर पाणी कुठवर होतं?"

"मांडीला."

"म्हणजे हिच्या कमरेला. आणि ते तेव्हा. आत्ता कुठवर असेल?"

"तुमचं इंग्रजी तुमच्या फळ्यावर ठेवा हो!" प्रल्हाद ओरडले. पण त्यांनी मुलीचा हात धरला नाही.

"मुलांना इथेही ठेवता येणार नाही," टीचर हळूच म्हणाल्या. "समोरच्या सोसायटीचा जिना उंच आहे. पण मध्ये गटार आहे."

सफाईसाठी त्या गटारावरची झाकणं काढली होती. शाळेचा व्हरांडा आणि तो जिना यांच्यामध्ये आता नुसतं गढूळ पाणी धावत होतं. प्रल्हादनी बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुढच्याच क्षणी त्यांनी मला खुंट्यांवरून उतरवलं.

माझं एक टोक व्हरांड्यावर ठेवलं, दुसरं जिन्याच्या पायरीवर. पायरी ओली होती, टोक घसरायला लागलं. प्रल्हाद आधाराधाराने पलीकडे गेले आणि पायरीशी पाण्यात उभं राहून त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. सगळ्यांत आधी उन्नती आली. ती वर चढली आणि "बाबा, आई?" म्हणाली.

मित्रांनो, आता प्रल्हाद मोकळे होते. मुलगी सुखरूप होती. त्यांनी मोरीच्या दिशेने पाहिलं. माझ्या टोकावरची त्यांची पकड सैल झाली, मी जरासा घसरलो. व्हरांड्यात उभी असलेली लोकांची मुलं त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांचे हात पुन्हा घट्ट झाले.

"या रे! एकेक या! धावू नका!"

ओल्या पावलांखाली माझ्या कोपऱ्यातले सगळे शब्द पुसले गेले. मुलांमध्ये शेवटी जितेश राहिला. त्याने घाबरून उडीच मारली. कड्‌! मी मधोमध तडकलो, पण सॅन्टनच्या पट्ट्यांनी मला धरून ठेवलं. त्याच्या मागून टीचर आल्या. प्रल्हाद मोरीकडे धावले, पण तोवर तिथे छातीभर पाणी होतं. ते परत आले आणि पायरीवर बसून राहिले.

सकाळी पाणी ओसरलं. मोरीचा कठडा वाहून गेला होता. विनया धाकट्याला घेऊन शेजाऱ्यांच्या पोटमाळ्यावर सापडली, दोघंही धडधाकट.

शाळा पुन्हा भरली. जितेश उठला. "टीचर, तुमचा डिसिजन प्रूडंट."

"पाणी त्या जिन्यावरही चढलं असतं तर?"

त्याने खिडकीतून त्या जिन्याकडे पाहिलं. "तरी प्रूडंटच. मोरीपेक्षा जिना उंच आहे, एवढं आपल्याला तेव्हा माहीत होतं."

टीचरनी त्याला खडू दिला. त्याने डावा कोपरा सोडून तो शब्द माझ्या तड्यावरूनच लिहिला.

"आणि माझे बाबा?" उन्नतीने विचारलं. "मी वर पोचल्यावरही ते थांबले. घरी आई होती. त्याला कोणता शब्द?"

"वाइज!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आई सापडली नसती, तर मी असं म्हटलं असतं का?" उन्नती म्हणाली.

टीचर तिच्या बाकापाशी आल्या. मग त्यांनी खडू तिच्या हातात ठेवला. "शब्द नसेल तर जागा राख."

उन्नतीने डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ ओढली. मी भिंतीवर होतो तोवर त्या रेघेला कुणी हात लावला नाही. पुढे नवी इमारत झाली, गुळगुळीत हिरवे फळे आले आणि मी जिन्याखाली आलो.

मित्रांनो, कधी ही अडगळ आवरलीत, तर मला वळवा आणि कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. धूळ जाऊ द्या. डाव्या कोपऱ्यातली ती रेघ मात्र राहू द्या.