पायाळू आणि घण

पौर्णिमा पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, असं तेलगावच्या आसपास अजून मानतात. म्हणून भूशास्त्राची पदवी घेऊन ती आपल्या वस्तीवर परत आली, तेव्हा पंचायतीतल्या बंकटआबांनी शिक्षणाची चौकशीही न करता तिच्या तळहातावर नारळ ठेवला.

"चाल पोरी. नारळ उभा राहील तिथं बोअर घेऊ."

"नारळ नको, आबा. घण मारणारं माणूस द्या."

"मीच मारते की," तिची आई सरूबाई म्हणाली. रोजगार हमीवर तिने वर्षानुवर्षं खडी फोडली होती.

वस्तीला एकच बोअर मंजूर होता. आधीचे सगळे कोरडे गेले होते. हाही गेला, तर सरूबाईसकट सगळ्या बायकांची लांबच्या विहिरीची पायपीट चालूच राहणार होती.

पौर्णिमेने जमिनीत रांगेने जिओफोन रोवले. हे छोटे खिळेवाले डबे जमिनीची थरथर टिपतात. जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी प्लेटवर घण बसला की लहर खाली जाते. अखंड काळ्या दगडातून ती झपाट्याने पुढे पळते, फुटक्या आणि मुरमाड थरातून रेंगाळत येते. कोणत्या डब्यापाशी ती कधी पोचली, यावरून खाली काय आहे ते कळतं.

पहिल्या घणाला लॅपटॉपच्या पडद्यावर नुसता गुंता उमटला. सगळी वस्ती बघायला जमून येरझारा घालत होती.

"खाली बसा सगळे! आबा, तुमच्या चालण्याचाच भूकंप होतोय."

बाया खो-खो हसल्या. आबा मिशीत पुटपुटत बसले.

मग सरूबाईचे घण एकाच जागी, एकाच जोराने पडत गेले. आबांना बोअर हवा होता त्या कडुलिंबाखाली लहर लगेच पोचली. ओढ्याकडच्या पट्टीत मात्र लांबच्या डब्यांपर्यंत यायला तिला उशीर झाला.

"पाणी दिसलं का?" आबांनी विचारलं.

"पाणी न्हाई दिसत. खडक दिसतो. इथं तो खोलवर फुटलाय, म्हणजे पाणी साठायला जागा आहे."

"म्हंजी खात्री न्हाई?"

"न्हाई. पण लिंबाखाली नुसता दगड लागेल."

"आबा, ती म्हणती तिथंच घ्या," सरूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी ओढ्याकडे लागली. बराच वेळ कोरडी भुकटी उडाली. मग भुकटीचा चिखल झाला, आणि पाण्याचा पांढरा फवारा गाडीच्या वर गेला.

"पायाळूच पोर!" आबा ओरडले. "म्या म्हणलं न्हवतं?"

पौर्णिमेचा चेहरा उतरला. इतकं सगळं करून शेवटी पायच जिंकले, असं तिला वाटलं.

सरूबाईने भिजलेला पदर पिळला. "आबा, पायाळू तर ती जन्मापासनं हाय. मग इतकी वर्षं पाणी कावून न्हाई लागलं? माझी पोर शिकली म्हणून लागलं."

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"बरं, बाई. आमच्या मळ्यात कधी येता दोघी?"

"ती तारीख देईल," सरूबाई म्हणाली. "मी फक्त घणवाली हाय." आणि तिने पोरीकडे असं पाहिलं, की पौर्णिमेला मान वर करावीच लागली.