टोपलीतला फोन

तेरातली अकरा अंडी नासली तेव्हा अंडीवाली आधी कोंबडीवर घसरली. एकवीस दिवस फुकटचे दाणे गिळलेस मेले, असं म्हणत तिनं तिला टोपलीतनं उचलून अंगणात सोडलं आणि परसात खड्डा खणायला घेतला. उन्हानं माती अशी भाजून निघाली होती की कुदळ मारली की ठणकन उसळायची, निघायचं मूठभर ढेकूळ. अंडी पुरून झाली तरी घाण नाकातनं जाईना.

गावाला पिल्लं पुरवायची हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा. अंडी उबवायला आलेली खुडूक कोंबडी कुठं बसवायची, तिच्याखाली कुठलं अंडं ठेवायचं नि कुठलं तव्यावर फोडायचं, हे विचारायला लांबलांबनं माणसं यायची. एका दमात अकरा अंडी तिच्या हातनं कधी गेली नव्हती. सुनेनं समजूत घातली की यंदा ऊनच जीवघेणं आहे, माणसं होरपळतात तिथं अंड्यांचं काय. तसंच असेल म्हणून सासूनं हात धुतले. गोष्ट तिथंच मिटायची, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्स आली.

सुनेला सहावा लागला होता. मागच्या खेपेला पाचव्यातच घात झाला होता, म्हणून नर्स आता पंधरा दिवसाला चक्कर टाकायची. तिनं वजन केलं, गोळ्या दिल्या आणि जाताजाता एक छापील कागद सुनेच्या हातात ठेवला. वर चित्र होतं. पोटुशी बाई, तिच्या पोटावर फोन आणि त्यावर ही एवढी लाल फुली. खाली लिहिलेलं नर्सनं वाचून दाखवलं. फोन अंगाला लावून ठेवू नका, कानाशी फार वेळ धरू नका, उशाशी घेऊन झोपू नका.

सुनेचा हात आपसूक पोटावर गेला. नवरा ट्रकवर. दोन-दोन महिने घराचं तोंड दिसायचं नाही. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि तिच्याशी चार शब्द झाले की तो म्हणायचा, आता पोटावर ठेव. मग अर्धा-अर्धा तास लेकराशी गप्पा. आज कुठला घाट चढलो, कुठं टायर बसला, सगळं त्या न जन्मलेल्या जिवाला सांगायचा. वर भसाड्या आवाजात गाणंही म्हणायचा. अंडीवाली चुलीपासनं हसायची, की याचं गाणं ऐकून पोर बाहेर यायचंच नाही.

आता तिला हसू आलं नाही. तिनं नर्सला विचारलं, "काय होतं यानं?"

"होतंच असं नाही, मावशी. धोका असण्याची शक्यता आहे, म्हणून आपली काळजी घ्यायची."

"म्हणजे होतं का होत नाही?"

"ते अजून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही."

नर्स खरं बोलणारी होती, हीच पंचाईत. होतं म्हणाली असती तर अंडीवालीनं फोन विहिरीत भिरकावला असता. होत नाही म्हणाली असती तर कागद चुलीत गेला असता. हे अधलंमधलं घेऊन माणसानं करायचं काय?

नर्स गेली आणि बाईची नजर कोनाड्यावर गेली. घरात फोनला रेंज यायची ती त्या कोनाड्यापाशीच, म्हणून फोन दिवसभर तिथं पडलेला असायचा. आणि कोनाड्याच्या बरोबर खाली कोंबडीची टोपली. एकवीस दिवस. सुनेला हे सांगायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलं आणि भाजी निवडत बसली.

पण शेजारची शिलाईवाली कशाला गप्प बसते! ती कागद बघायला म्हणून आली आणि आगीत तेल ओतून गेली. टॉवर उभा राहिल्यापासनं चिमण्या दिसत नाहीत, कुणाची म्हैस गाभडली, कुणाच्या कानात रात्रंदिवस शीळ वाजते. ऐकीव गोष्टींना शेंडा ना बुडखा, पण भ्यालेल्या माणसाला तेवढ्या पुरतात. ती उठून गेल्यावर सून बराच वेळ कोनाड्याकडं बघत राहिली, मग टोपलीकडं, मग सासूकडं.

"आत्याबाई, अंडी त्यानंच गेली का?"

बाईला खोटं बोलता आलं नाही आणि खरं तिला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी फोन तीनदा वाजला. सुनेनं उचलला नाही.

सकाळी बाई उठली ती ठरवूनच. नर्सला माहीत नाही, सरकारला माहीत नाही, तर नसू दे. कोंबडी सांगेल. जगलेली दोन पिल्लं दुसऱ्या कोंबडीमागं सोडली होती, त्यामुळं तीच कोंबडी अजून खुडूक होती. बाईनं तेरा चांगली, ताजी अंडी निवडली, टोपलीत भुसा घातला आणि फोन फडक्यात गुंडाळून भुशाखाली ठेवला. आवाज तेवढा बंद केला, नाहीतर कोंबडी बिचकून उठली असती. रोज कोंबडी दाण्याला उतरली की सुनेनं तो तेवढ्यापुरता चार्जिंगला लावायचा आणि परत खाली सारायचा. लेकाला सुनेनं शिलाईवालीच्या फोनवरनं कळवलं की आपला बिघडलाय. तो तिथं दोन मिनिटं बोलायचा. शिलाईवाली मशीन थांबवून ऐकत बसायची, त्यामुळं नवराबायकोचं बोलणं जेवलीस का, जेवलात का, याच्यापुढं जायचं नाही.

ते एकवीस दिवस कुणाच्या वैऱ्यावरही येऊ नयेत. दुपारचं वारं भट्टीतनं सुटल्यासारखं यायचं, खिडकीला ओलं पोतं बांधलं तरी घटकेत वाळायचं. सुनेच्या घशाखाली घास उतरेना. सासू दिवसातनं दहादा विचारायची, हललं का? हललं म्हटलं की सुस्कारा टाकायची, पण घटकाभरानं पुन्हा तेच. तिला कळत होतं की आपणच पोरीला आणखी भेवडावतोय. तोंड मात्र ऐकत नव्हतं.

सातव्या दिवशी दोघींनी दार-खिडक्या लावून खोलीत अंधार केला. बाई एकेक अंडं बॅटरीच्या उजेडापुढं धरायची. पहिल्यात लाल दोरे दिसले आणि मधोमध एक ठिपका, टुकटुक उडणारा. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. तेराच्या तेरा जिवंत. सुनेनं त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

एकविसाव्या दिवशी सकाळी पहिलं टरफल तडकलं. दुपारपर्यंत टोपलीत नुसता चिवचिवाट. सून मोजत होती, नऊ, दहा, अकरा. बारावं ओलंचिंब पिल्लू कोंबडीच्या पंखाखालनं डोकं काढून बघायला लागलं, तशी ती रडायलाच लागली. किती दिवसांनी मोकळं रडली. तिनं भुशातला फोन काढला, पदरानं पुसला आणि आवाज चालू केला.

तेरावं अंडं तसंच होतं. बाईनं संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग ते कानाशी धरलं, हलवलं आणि चुलीच्या कडेला बेतानं फोडलं. आत पिल्लू होतं. चोच आलेली, इवलीशी पिसं फुटलेली, पुरं व्हायला चार दिवस कमी असतील. गार पडलेलं.

सून पाठीमागं येऊन उभी राहिलेली तिला कळलंच नाही.

"अगं, हे चालायचंच," बाई घाईघाईनं म्हणाली. "फोन असो नसो, तेरातलं एखादं जातंच. चाळीस वर्षं बघतेय मी."

सून त्या पिल्लाकडं बघत होती.

"तुमच्याकडं तेरा होती, आत्याबाई," ती म्हणाली. "माझ्याकडं एकच आहे."

बाईनं ते टरफल पिल्लासकट फडक्यात गुंडाळलं.

तेवढ्यात फोन वाजला. लेकाचा. लागतोय का बघावं म्हणून त्यानं सहज लावला असणार. सुनेनं हात पुढं केला आणि मागं घेतला. पुन्हा पुढं केला. फोन वाजत राहिला. तिच्या डोळ्यांत नवऱ्याची ओढ होती आणि भीतीही होती, दोन्ही एकाच वेळी. बाईला ते बघवेना.

आजवर तिनं त्या यंत्राला कधी कान लावला नव्हता. आज तिनं फोन उचलला, लांब अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि कानाशी घट्ट दाबून धरला.

"बोल. मीच आहे."

"आई? दुरुस्त झाला का? तिला दे की."

"ती लांब बसलीय. तू बोल, मी ऐकून तिला सांगते."

"तुला कसं सांगू?" पोरगा ओशाळला. "तिच्याशी बोलायचंय. पोराशी बोलायचंय."

"मग मला सांग. माझं काय, पिकलं पान. माझ्या कानाला काय व्हायचंय ते होऊ दे."

मग तो हळूहळू, अडखळत बोलायला लागला आणि अंडीवाली त्याचा एकेक शब्द मोठ्यानं घराकडं ओरडून सांगायला लागली. उंबऱ्यात बसलेली सून पोटावर हात ठेवून ऐकत होती. गाण्याशी आल्यावर म्हातारी जरा थबकली, शिलाईवालीच्या खिडकीकडं एक नजर टाकली आणि तेही म्हणाली.