फायलीबाहेरचा फोटो

इस्पितळाच्या तळघरात, एक्स-रेच्या खोलीला लागून, फोकसची खोली होती. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला फोकसच म्हणत. एक राखाडी भिंत, दोन बाजूंना दोन दिवे आणि मधोमध फिरतं स्टूल. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटचे फोटो काढायचे, हे त्याचं काम. गाठी, जखमा, भाजलेले हात, फाटलेले ओठ. कामावर रुजू झाला त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, "मला सुंदर फोटो नकोत, खरे हवेत. सावली अजिबात नको. सावलीत गाठ लपते."

तेव्हापासून तो सावल्या मारत आला होता.

लग्नाच्या आगेमागे हाच माणूस सावलीपायी वेडा झालेला होता. जिन्यावर पडणाऱ्या तिरक्या उन्हासाठी अर्धा दिवस उपाशी बसायचा. एकदा त्याच्या फोटोंचं प्रदर्शनही भरलं, चार लोकांनी पाठ थोपटली. मग मुलगी झाली आणि इस्पितळाचा ठरलेला पगार बरा वाटला. दोन-चार वर्षं करू, मग आपलं काम पुन्हा सुरू करू, असं त्यानं ठरवलं. दोन-चार वर्षं कुणासाठी थांबतात? मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, कानाजवळचे केस पांढरे झाले, जुना कॅमेरा कपाटात गाद्यांच्या मागे सरकला. कुणी स्फूर्ती वगैरे शब्द काढला तर तो हसून म्हणायचा, "ती मोठ्या घरची आहे हो. तळघराचा जिना उतरवत नाही तिला."

एका दुपारी वॉर्डातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ, डाव्या जबड्यावर मुठीएवढी गाठ. परवा ऑपरेशन होतं. अर्धा जबडा काढणार होते. बाई बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसायच्या. वॉर्डात पहिल्याच दिवशी त्यांनी हे सगळ्यांना सांगून टाकलं होतं, त्यामुळे नर्साही त्यांना तिकीटबाईच म्हणत.

"समोर बघा, ताई. आता डावीकडे. उजवीकडे. हनुवटी वर. तोंड उघडा, जमेल तेवढं."

पाच फोटो झाले. बाई स्टुलावरून उठेनात.

"भाऊ, एक माझ्यासाठी काढता?"

"म्हणजे?"

"म्हणजे डॉक्टरांसाठी नाही. माझ्यासाठी. इतकी वर्षं खिडकीतून लोकांनी माझा चेहराच तेवढा पाहिला, मला हातपाय आहेत हेही कुणाला ठाऊक नसेल. आणि त्याच चेहऱ्याचा धड फोटो नाही माझ्याकडे. ओळखपत्रावर आहे एक, त्यात मी पाकीटमार दिसते."

फोकसला हसू आलं. नियमात बसत नव्हतं, पण त्यानं कॅमेरा उचलला. "हसा थोडं," म्हणाला. बाई हसल्या. त्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर फोटो दाखवला.

बाईंनी मान वाकडी करून पाहिला. "हा तर त्यांच्याच फायलीतला झाला की हो."

त्यांच्या बोलण्यात कुठेही खोच नव्हती. पण फोकसला ते वर्मी लागलं. फोटो खरंच तसाच होता. सहावा कुठला आणि पाचवा कुठला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"उद्या दुपारी पुन्हा येता?" तो म्हणाला. "नीट काढतो."

संध्याकाळी घरी आल्याबरोबर त्यानं कपाटातल्या गाद्या उपसल्या आणि जुना कॅमेरा बाहेर काढला. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, जरा खिडकीपाशी बस ना."

"आज सूर्य कुठल्या बाजूनं उगवला होता?" ती म्हणाली, पण बसली. पदर सारखा केला, कपाळावरचे केस मागे सारले. उतरतं ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर आलं होतं. फोकस कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिला आणि त्याला काही सुचेना. तो नुसताच म्हणाला, "उजवीकडे बघ. हनुवटी वर."

तिची हनुवटी वर झाली. मग हळूहळू खाली आली.

"अहो, मला काय झालंय?"

"काय झालंय?"

"तेच विचारतेय. कुठे दुखतंय ते शोधत असल्यासारखं बघताय माझ्याकडे." ती उठली. "पूर्वी तुम्ही आधी बघत बसायचात. इतकं, की मला लाज वाटायची. कॅमेरा नंतर यायचा." एवढं बोलून ती कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत गेली. जेवताना दोघंही मुलीच्या परीक्षेबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी तिकीटबाई खाली आल्या तेव्हा फोकसनं दिवे लावलेच नव्हते. तो त्यांना तळघराच्या मागच्या जिन्यावर घेऊन गेला. तिथे वरच्या झरोक्यातून उजेड यायचा, भिंतीला घासत, मऊ होऊन. बाई पायरीवर बसल्या. फोकस दोन पायऱ्या खाली बसला आणि घरून आणलेला जुना कॅमेरा त्यानं बाजूला ठेवला.

"खिडकीत कंटाळा नाही यायचा?" त्यानं विचारलं.

"कंटाळायला वेळ कोण देतं? एक माणूस दर शनिवारी यायचा. तिकीट काढायचा आणि बसमध्ये बसायचाच नाही. एकदा विचारलं, तर म्हणाला, बायकोला सांगितलंय गावाला जातो म्हणून, आता निदान तिकीट तरी खरं असू दे!"

त्या हसायला लागल्या, कळ आली तसा हात जबड्यावर गेला, तरी हसणं थांबेना. फोकसही हसत होता. आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आपण बघतोय. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेघा, सुट्टे पैसे मोजून मोजून झिजलेली बोटं, काठीसारखी ताठ मान. त्यानं कॅमेरा घेतला.

"थोडं वळा, ताई. डावी बाजू अंधारात जाईल."

"कशाला? गाठ लपवायला? राहू दे तिला. दोन वर्षं राहतेय माझ्याकडे, भाडं न देता. निघायच्या आधी तिचाही फोटो निघू दे."

तो फोटो निघाला तेव्हा तो साधला, हे फोकसला न बघताच कळलं. बाई हसत होत्या आणि त्याच हसण्यात उद्याची भीतीही बसलेली होती, दोन्ही एकाच वेळी, कुणीही कुणाला न ढकलता. घरी जाताना त्याची पावलं हलकी पडत होती. मग वाटेत मधेच आठवलं की उद्या त्या बाईचा अर्धा चेहरा काढून टाकणार आहेत, आणि आपण शीळ घालतोय. शीळ तिथेच थांबली. पण आनंद काही गेला नाही, आणि त्याची त्याला शरम वाटली.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं. चार दिवसांनी फोकस मोठा छापलेला फोटो पाकिटात घालून वॉर्डात गेला. बाई पट्ट्यांमध्ये गुरफटून झोपल्या होत्या, नाकात नळी. खुर्चीत त्यांची थोरली बहीण होती. तिनं पाकीट उघडलं, फोटो बघितला आणि तोंडाला पदर लावला.

"आत्ता नाही दाखवणार मी तिला," ती म्हणाली. "पण तिच्या चेहऱ्याचं चीज केलंत हो."

फोकसनं मान हलवली. खाली येताना त्याला वाटलं, बाई बऱ्या होतील, फोटो भिंतीवर लावतील. मनात मांडे खायला कोण अडवतं?

काही महिन्यांनी तिकीटबाई तपासणीसाठी परत आल्या तेव्हा उन्हाळा सरत आला होता. चेहऱ्याभोवती ओढणी होती. त्यांनी ती स्वतःच सोडली आणि स्टुलावर बसल्या. डावीकडून चेहरा आत गेला होता, ओठ खाली ओढला होता, शब्द त्या कडेनं सांडत होते. फोकसला लक्ष देऊन ऐकावं लागत होतं.

"कामावर जाता का, ताई?"

"जाते. पण खिडकीवरून काढलं मला. मागच्या खोलीत बसवलंय. कागदाचे रोल मोजते." त्या थांबल्या, रुमालानं ओठ टिपला. "लोक दचकतात म्हणे. साहेब चांगले आहेत. वाईट वाटून बोलले."

फोकस दिव्यांची उंची उगाच खालीवर करत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "तो फोटो दिला का तुमच्या बहिणीनं?"

"दिला."

"कसा वाटला?"

"फाडला मी."

हातातला दिवा अर्ध्या उंचीवरच राहिला.

"वाईट नव्हता, भाऊ," बाई म्हणाल्या. "वाईट असता तर ठेवला असता. रोज सकाळी उठून बघायचे. बघितला की वाटायचं, ही बाई घरात आहे आणि मी पाहुणी आले आहे. तुमच्याकडे असेल ना अजून?"

"आहे. घरी, जुन्या कॅमेऱ्यात."

"पुसून टाका."

इतक्या वर्षांत त्याच्या हातून निघालेला मनासारखा तो एकच फोटो होता. तो गेल्या महिन्यात एका स्पर्धेला पाठवायचंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. तुम्हाला विचारूनच पाठवणार होतो, असं म्हणायला तो तोंड उघडणार होता. बाई त्याच्याकडे बघत होत्या, खिडकीतून बघतात तशा, समोरचा कुठलं तिकीट मागणार हे आधीच ओळखून.

"तुमची मेहनत आहे, कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण चेहरा माझा होता."

"पुसतो," तो म्हणाला.

"मी विचारायला येणार नाही."

"पुसतो, ताई."

मग त्यांनी पाठ ताठ केली. "घ्या. तुमचे ते घ्या आता. फायलीतले."

त्यानं दोन्ही दिवे लावले. समोर. डावीकडे. उजवीकडे. हनुवटी वर. तोंड उघडा, जमेल तेवढं. पांढऱ्या सपाट उजेडात टाक्यांची रेघ स्वच्छ दिसत होती. त्या उजेडाला कीवही येत नव्हती आणि तो कशाची आठवणही काढत नव्हता. बाईंना तोच सोसवत असावा असं फोकसला वाटलं. पाचही फोटो बिनचूक आले.

त्यांनी ओढणी बांधली. तो त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. बस आली तेव्हा बाई चढल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यानं हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन, चपला न काढताच, तो पलंगाच्या कडेवर कॅमेरा घेऊन बसला. फोटो लावला आणि बराच वेळ बघितला. हा पुन्हा निघणार नाही, हे त्याला माहीत होतं. आणि असा दुसरा निघेल की नाही, हे माहीत नव्हतं. त्यानं बटण दाबलं. कॅमेऱ्यानं एकदा विचारून घेतलं, त्यानं हो म्हटलं, आणि पडदा काळा झाला.

"काय करताय अंधारात?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. कॅमेऱ्यात जागा करतोय."

"कशासाठी?"

तो उठला, चपला काढून दाराशी ठेवल्या आणि ताटं घ्यायला गेला.