काच चाटणाऱ्याचं पोट

मित्रांनो, आज माळ्यावर पालथी पडलेली मला पाहून तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी मासे पाळायची पेटी आहे. एके काळी दातदुखीने कळवळणारी माणसंसुद्धा माझ्यापुढे घटकाभर गप्प बसत.

एका कारागिराने पाच काचा जोडून मला घडवलं आणि गळते की काय हे पाहायला पाणी भरून ठेवलं. मी गळले नाही. आयुष्यात एवढी एकच परीक्षा दिली, ती पहिल्या फटक्यात पास झाले.

मग दातांच्या एका डॉक्टरांनी मला घरी नेलं. पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना, मागे घर, आणि मधल्या भिंतीत मी. एका अंगाने मला रोगी दिसत, दुसऱ्या अंगाने स्वयंपाकघर. पुढे डॉक्टर लोकांना बजावत, "गोड बंद." मागे येऊन स्वतः चहात तीन चमचे साखर घालत. दोन्हीकडून पाहणाऱ्याला माणसं जरा जास्तच कळतात.

डॉक्टरांनी आधी आणला फ्लॉवरहॉर्न जातीचा मासा. लालबुंद अंग, कपाळावर हे एवढं टेंगूळ. त्याचं नाव पडलं पैलवान. त्याच्या सोबतीला आणलेले छोटे मासे त्याने एकेक करून गिळले आणि मग एकटाच माझ्यात येरझाऱ्या घालू लागला. पुढे माझ्या काचांवर हिरवं शेवाळ धरलं. दुकानदाराने उपाय सांगितला, "सकर मासा न्या. शेवाळ खातो. अंगावर कवच आहे, पैलवानाला दाद देणार नाही."

घरात डॉक्टरांची थोरली बहीण राहायची, आक्का. तिने त्या काळ्या, ठिपकेदार, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या माशाला हाक मारली, "चाटू!" तेच नाव कायम झालं.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. चाटू तोंड काचेला लावून वरून खाली, खालून वर सरकत राही. पैलवान अंगावर धावला की सपाट दगडाखाली शिरे, आणि तो वळला की पुन्हा कामावर हजर. मी आरशासारखी लखलखू लागले. गाल सुजलेला एक गृहस्थ म्हणाला, "डॉक्टर, हा काच पुसतोय, की कवळीचं माप द्यायला आलाय?" सगळे हसले. स्वच्छतेचं कौतुक मात्र डॉक्टरांच्या खाती जमा झालं. कौतुकाची रीतच तशी, काम करणाऱ्याला वळसा घालून ते मालकाकडे जातं.

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या डॉक्टरांना हिरवा ठिपकाही खपेना. त्यांच्या लेखी ते शेवाळ नव्हतं, दातावरचं कीटण होतं. दुपारी रोगी नसले की ते जुना टूथब्रश घेऊन बाह्या सरसावत आणि माझे कानेकोपरे खरवडून काढत. म्हणजे चाटूला ज्या कामावर ठेवलं ते काम मालकच करू लागले, आणि त्या कामातच त्याचं जेवण होतं. पैलवानाला वरून दाणे पडत. त्यातला एकही तळाशी पोचत नसे.

हे आक्काच्या ध्यानात आलं. "बापू, तू सगळं घासून काढतोस, मग त्याने खायचं काय?"

"पैलवानाचं उष्टं उरतं की!"

"त्या खादाडाचं कधी काही उरलंय?" असं म्हणून तिने काकडीची एक चकती माझ्यात सोडली. चाटू दगडाखालून निघाला, तोच डॉक्टर ओरडले, "अगं आक्का, काढ ती! पाणी नासेल. आणि आयतं मिळालं तर तो काच कशाला चाटेल? सवय मोडेल त्याची."

आक्काने चमच्याने चकती बाहेर काढली. भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीला कुठे किती बोलायचं याचं माप पाठ असतं.

मित्रांनो, चाटू माझ्या काचेला चिकटे तेव्हा त्याचं पोट बाहेरच्यांना समोर दिसत असे. आधी ते भरलेलं होतं, मग सपाट झालं, मग खोल आत गेलं. बाकड्यावर बसलेले लोक त्याच्या तोंडाची गंमत पाहत आणि हसत. पोटाकडे कुणी पाहिलं नाही. ओरडून सांगावं, तर मला तोंड नव्हतं.

अखेर एका दुपारी, नुकत्याच खरवडलेल्या काचेवर काही न सापडल्याने, चाटू जाऊन चिकटला तो थेट पैलवानाच्या कुशीला. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो चाटायला. भूक माशालाही वेडं धाडस करायला लावते. पैलवान गर्रकन फिरला. पाणी उसळून जमिनीवर सांडलं. डॉक्टर जाळी घेऊन धावत येईपर्यंत चाटूचा एक डोळा गेला होता आणि पर फाटले होते.

"काय दुष्ट जनावर आहे!" डॉक्टर म्हणाले.

"त्याचा स्वभाव तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, बापू," आक्का म्हणाली. "याची भूक तुला मी सांगितली होती."

चाटूला बादलीत ठेवलं. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने काकडी चिरली. चकती बुडावी म्हणून चमच्याला अडकवून त्याच्या पुढ्यात सोडली. बाहेर रोगी खोळंबले, तरी ते बादलीपाशी उकिडवे बसून राहिले. "खा रे, खा," म्हणत राहिले. चाटूने तोंड चकतीला लावलं. लावलं तेवढंच. सकाळी तो तसाच होता, चकतीला टेकलेला.

पैलवान दुकानात परत गेला. डॉक्टरांनी मला पुन्हा ब्रश लावला नाही. माझ्यावर शेवाळ चढलं, मऊ आणि दाट, पलीकडचं माणूस दिसेना इतकं. सारं अन्नच अन्न, आणि जेवायला कुणी नाही. मग एक दिवस मला रिकामी करून इथे माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, मासे जरूर पाळा. पण भांडखोराच्या घरात गरिबाला नांदायला पाठवू नका. आणि जो तुमची घाण साफ करतो त्याचं पोट घाणीवरच भरत असेल, असं धरून चालू नका. वाकून पाहा, विचारा, पुढ्यात वाढा. काकडीची एक चकती लागते. फक्त ती वेळेवर द्यावी लागते.